पगाराचा आकडा नेमका ठरवतं कोण?

"तुमची अपेक्षा काय आहे?" असं विचारणाऱ्या व्यक्तीकडे तुम्हाला तेवढे पैसे द्यायचा अधिकार बहुतेक वेळा नसतोच. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की पगाराची बोलणी निम्मी सोपी होतात. एरवी आपण काय करतो? समोरच्याला पटवायला जातो. घरखर्च सांगतो, महागाई सांगतो, किती वर्षं इमानेइतबारे राबलो ते सांगतो. समोरची व्यक्ती मान डोलवते आणि म्हणते, "मी बघते काय करता येईल ते." ती खरंच बघणार असते. पण त्यासाठी तिला कोणाकडे जायचंय आणि तिथे जाऊन काय सांगायचंय, याचा आपण विचारच केलेला नसतो.

जरा मोठ्या कंपनीत एखादी जागा निघते तेव्हा जाहिरात येण्याआधीच बरंच काही ठरलेलं असतं. त्या पदाची एक श्रेणी असते आणि त्या श्रेणीला पगाराचा एक पट्टा असतो, एचआरवाल्यांच्या भाषेत 'पे बँड'. त्याला खालची मर्यादा असते, वरची असते आणि एक मधला आकडा असतो. या कामाला बाजारात साधारण किती मिळतात, याचा कंपनीने बांधलेला अंदाज म्हणजे हा मधला आकडा. समजा तो १०० आहे (चलन कोणतंही धरा), तर पट्टा ८० ते १२० असा असू शकतो. प्रत्येकाचा पगार मधल्या आकड्याच्या तुलनेत कुठे आहे हे बघायला एक गुणोत्तर काढतात, त्याला 'कम्पा-रेशो' म्हणतात. पगार ९० असेल तर ०.९. नव्याने येणाऱ्याला सहसा मधल्या आकड्याच्या खालीच बसवतात, कारण पुढे वाढ द्यायला जागा ठेवावी लागते. पहिल्याच दिवशी १२० वर बसवलेल्या माणसाला पुढच्या वर्षी वाढवून देणार कुठून?

पट्टा झाला, मग त्या विशिष्ट जागेसाठी मंजूर झालेलं बजेट. ते पट्ट्याच्या वरच्या टोकापर्यंत असेलच असं नाही. आणि तिसरी अडचण सगळ्यात चिवट: त्याच टीममध्ये आधीपासून असलेल्या लोकांचे पगार. तीन वर्षं काम करणाऱ्याला ९५ मिळत असतील आणि नव्याला १०५ दिले, तर ती बातमी महिनाभरसुद्धा दबून राहत नाही. मग विभागप्रमुखापुढे एकाऐवजी चार जण वाढ मागायला उभे. एचआर "इंटर्नल पॅरिटी" म्हणून जे पुटपुटतं ते हेच. ते नेहमीच निमित्त नसतं.

या तिन्हींमुळे अधिकारांची एक शिडी तयार होते. अमुक आकड्यापर्यंत एचआर आपल्या पातळीवर हो म्हणू शकतं. त्याच्या वर विभागप्रमुखाची मंजुरी लागते. त्याच्याही वर फायनान्स किंवा थेट वरिष्ठ व्यवस्थापन. तुमची मागणी पहिल्या पायरीत बसत असेल तर फोनवरच काम होतं. त्याच्या वर गेली की कोणाला तरी मेल लिहावा लागतो. पगाराच्या वाटाघाटीतला सगळा कस या मेलमध्ये आहे, आणि उमेदवाराला तो कधीच दिसत नाही.

तो मेल जरा जवळून बघू. समजा ऑफर ९२ ची आली आणि तुम्हाला १०० हवेत. तुम्ही म्हणालात, "मॅडम, जरा वाढवून बघा ना, माझ्या अपेक्षेपेक्षा कमी आहे." मॅडम चांगल्या आहेत, तुम्ही त्यांना आवडलाही आहात. पण आता विभागप्रमुखाला लिहायचं काय? "उमेदवार १०० मागतोय." पलीकडून एकाच शब्दाचं उत्तर येणार, "का?" त्यावर मॅडमकडे काहीच नाही. म्हणून बहुतेक वेळा त्या मेल लिहीतच नाहीत. दोन दिवसांनी फोन करून सांगतात, "मी खूप प्रयत्न केला."

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने. "मॅडम, काम मला आवडलंय आणि यायची इच्छा आहे. मुलाखतीत सरांनी सांगितलं की पहिल्या सहा महिन्यांत जुनी बिलिंग सिस्टीम बंद करून नवी सुरू करायची आहे. हे काम मी आधीच्या कंपनीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय, त्यामुळे शिकण्यात वेळ जाणार नाही. अशा जबाबदारीला सध्या ९८ ते १०५ मिळतात असं मला तीन-चार ठिकाणी दिसलं. १०० जमत असेल तर मी आजच होकार कळवेन."

मॅडमचा मेल तयार झाला: "बिलिंगच्या कामाचा थेट अनुभव आहे, मागणी बाजारभावाला धरून आहे, १०० ला मंजुरी दिली तर आजच सही करायची तयारी आहे." विभागप्रमुखाला हा मेल फायनान्सकडे पुढे ढकलायला अर्धं मिनिट लागतं. तुम्ही जास्त हुशारीने घासाघीस केलीत असं यात काहीच नाही. वर सांगायला कारण हवं होतं, ते तुम्ही आयतं दिलंत.

त्यातलं शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते ते बाकी सगळ्यापेक्षा जड आहे. मंजुरी मागणाऱ्याला एक धास्ती असते: आपण वर जाऊन शब्द टाकायचा, आकडा वाढवून आणायचा, आणि उमेदवार म्हणणार "आता १०८ करा", किंवा दुसरीकडेच निघून जाणार. मग वरच्यांसमोर तोंड दाखवायची पंचाईत. "एवढं झालं तर नक्की येईन" या वाक्याने ती धास्ती जाते. अर्थात ते म्हटल्यावर पाळायलाही हवं. पाळायचं नसेल तर बोलूच नये.

यावरून हेही कळतं की घराचे हप्ते, मुलांच्या फिया, लांबचा प्रवास ही कारणं का चालत नाहीत. ती खोटी असतात म्हणून नव्हे. ती मेलमध्ये लिहिता येत नाहीत. "उमेदवाराचे हप्ते जास्त आहेत" असं लिहून आजवर कोणाचा पट्टा वर सरकलेला नाही.

आधी आकडा कोणी सांगायचा?

यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, पहिला आकडा कधीच आपण सांगू नये. दुसरं म्हणतं, आपणच सांगावा. दोन्ही अर्धवट खरी आहेत, आणि कोणती कधी लागू पडते हे समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो.

१९७४ मध्ये एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांसमोर ० ते १०० आकड्यांचं एक चक्र फिरवलं होतं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था आधीच केलेली होती, लोकांना ती माहीत नव्हती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघातल्या देशांपैकी आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर १० आला त्यांच्या अंदाजांचा मध्य निघाला २५. ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी कानावर पडलेल्या पहिल्या आकड्याने माणसांचे अंदाज आपल्याकडे ओढून घेतले. याला 'अँकरिंग' म्हणतात. म्हणजे पहिला आकडा तुम्ही सांगितलात तर पुढची चर्चा त्याच्या आजूबाजूला फिरते, कंपनीने सांगितला तर त्यांच्या.

मग आपणच का सांगू नये? कारण तो चुकीचा असू शकतो. बाजारात १०० मिळत असताना तुम्ही ८५ म्हणालात, तर खुंटी तुमचीच आणि तुम्हीच तिला बांधले गेलात. त्यामुळे नियम सोपा आहे: बाजारभाव पक्का ठाऊक असेल तर आधी बोला, आणि तुम्हाला हवं त्याच्या थोडं वर बोला. ठाऊक नसेल तर आधी विचारा. "या पदासाठी तुम्ही कोणती रेंज धरली आहे?" हा प्रश्न उद्धट नाही, एचआरला तो रोज ऐकायची सवय असते. काही ठिकाणी तर तो विचारायची वेळच येत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून. त्यामुळे बहुराष्ट्रीय कंपनी असेल तर तिच्या तिकडच्या जाहिराती उघडून बघाव्यात. आकडे आपल्या उपयोगाचे नसले, तरी कंपनी कोणतं पद कोणत्या पदाच्या वर धरते याचा अंदाज येतो.

आकडा कसा सांगायचा यातही खोच आहे. "९५ ते १०५" असं म्हटलंत तर समोरच्याला ९५ ऐकू येतं, तुमच्या मनात मात्र १०५ असतं. रेंज द्यायचीच असेल तर तिचं खालचं टोक असं असावं की तेवढ्यावर तुम्ही हसत सही कराल. आणि अगदी गोल आकड्यापेक्षा नेमका आकडा बरा. कोलंबिया विद्यापीठातल्या मालिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की पहिला आकडा नेमका असेल तर समोरचा त्यापासून कमी लांब जातो. यामागे काहीतरी हिशोब असणार, असं त्याला वाटतं. म्हणून हिशोब खरंच करून ठेवा. १०३.५ म्हणालात आणि "हे कुठून आलं?" विचारल्यावर गप्प झालात तर गंमत होईल.

सध्याचा पगार विचारला तर?

हा खरा अवघड प्रश्न. सध्याचा पगार सांगितला की अँकर तोच होतो: ७० मिळतात, त्यावर थोडे टक्के वाढ, विषय संपला. नव्या कामाची किंमत काय, हा मुद्दा बाजूलाच राहतो. कमी पगारावर सुरुवात केलेला माणूस मग आयुष्यभर कमीवरच मोजला जातो. याच कारणासाठी काही ठिकाणी हा प्रश्नच कायद्याने बंद केला गेला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये तसा कायदा केला, तो जुलै २०१८ पासून लागू झाला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून बंदी आली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पगार-पारदर्शकतेचा निर्देश काढला. उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही आणि सुरुवातीचा पगार किंवा रेंज आधीच कळवायची, असं तो म्हणतो. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात आणायला ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली गेली.

तुमच्याकडे असा कायदा नसेल तर प्रश्न येणार, आणि फॉर्ममध्ये रकाना असणार. एक गोष्ट करू नका: खोटा आकडा. पगाराच्या स्लिपा मागतात, आधीच्या कंपनीकडे चौकशी होते, आणि खोटं उघडं पडलं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. खरं सांगा, पण सांगून थांबू नका. "सध्या ७० आहेत. तिथे माझ्याकडे एका मॉड्यूलचं काम आहे, इथे तुम्ही पूर्ण टीम सांभाळायला सांगताय. त्यामुळे त्या आकड्यावर टक्के लावण्यापेक्षा या पदाच्या रेंजवरच बोललेलं बरं." आकडा सांगितला आणि लगेच तो गैरलागू का आहे हेही सांगितलं. पुन्हा तेच: मॅडमला वर लिहायला वाक्य मिळालं.

वेळ कोणती?

मुलाखतीच्या पहिल्या फेरीत तुम्ही अनेकांपैकी एक असता. तेव्हा आकड्यावर ताणलं तर कंपनीला "पुढचा" म्हणायला काहीच लागत नाही. ऑफर हातात आली की चित्र उलटतं. आता त्यांनी बाकीच्यांना नकार कळवलाय किंवा थांबवून ठेवलंय, चार-पाच लोकांचे तास खर्च झालेत, आणि विभागप्रमुख रोज विचारतोय की माणूस कधी येणार. ऑफर मिळाल्यापासून होकार देईपर्यंतचा काळ हाच काय तो तुमचा. होकार दिलात की तो संपला. "हो, हो, येतो, फक्त पगाराचं जरा बघा" असं म्हणणाऱ्याने होकार आधी देऊन टाकलेला असतो.

म्हणून फोनवर ऑफर आली की आभार माना, आनंद झाला असेल तर तोही दाखवा, आणि म्हणा, "लेखी पाठवा, मी नीट वाचून दोन दिवसांत कळवते." दोन दिवस कोणीही देतं. "आत्ताच्या आत्ता हो म्हणा, नाहीतर ऑफर रद्द" असं म्हणणाऱ्या कंपनीने स्वतःबद्दल बरंच काही सांगून टाकलेलं असतं.

मध्ये कंपनीला उमेदवार शोधून देणारा कन्सल्टंट असेल तर त्याचं गणितही जाणून घ्या. त्याला बहुधा तुमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम मिळते. तुमचा पगार वाढला तर त्याचंही वाढतं, मग तो आपल्याच बाजूचा नाही का? थोडासाच. तुमचे ८ वाढले तर त्याच्या पदरात त्यातला छोटा तुकडा पडतो. तुम्ही नाही म्हणालात तर त्याची सगळी फी जाते. म्हणून तो "आता जास्त ताणू नका" हे जरा लवकरच म्हणतो.

हातात दुसरी ऑफर असणं हे या सगळ्यातलं सर्वात भक्कम बळ. रॉजर फिशर आणि विल्यम यूरी यांनी १९८१ मध्ये याला 'बाट्ना' असं नाव दिलं: बोलणी फिसकटली तर तुमच्याकडे उरणारा सर्वांत चांगला पर्याय. सध्याची नोकरी बरी चालली असेल तर तीही बाट्नाच आहे. नसलेली ऑफर आहे असं मात्र सांगू नका; "मेल दाखवता का?" एवढं विचारलं की सोंग संपतं.

इतकी यातायात कशाला, थोडाच तर फरक आहे, असं वाटू शकतं. ९२ आणि १०० मधल्या ८ चा हिशोब करून बघा. दरवर्षी दोघांनाही ६ टक्के वाढ मिळते असं धरलं, तर दहा वर्षांत त्या ८ चे एकूण १०५ होतात. म्हणजे सुरुवातीच्या एका अख्ख्या वर्षाच्या पगाराहून जास्त. एकाच कंपनीत दहा वर्षं कोण राहतंय, हे खरं. पण पुढच्या कंपनीत फॉर्ममध्ये तो रकाना भरताना हाच फरक सोबत येतो.

"बजेटच नाही" म्हणाले तर

ते खरं असू शकतं. तेव्हा मूळ पगार सोडून बाकीच्या गोष्टींकडे वळायचं. जॉइनिंग बोनस ही त्यातली सगळ्यात सोपी मागणी, कारण तो एकदाच द्यायचा असतो: टीममधल्या पगारांची घडी विस्कटत नाही आणि पट्टाही मोडत नाही. नोटीस पिरियडचे पैसे भरून द्यायला सांगता येतं, पदाची श्रेणी एक पायरी वर मागता येते, घरून काम करायचे दिवस ठरवता येतात. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू, असं आश्वासनही मिळतं. ते लेखी असेल तरच मोजा. ज्याने शब्द दिला तो सहा महिन्यांत दुसरीकडे गेलेला असतो.

एकूण पॅकेजचा मोठा आकडा दाखवला तर त्यातला ठरलेला पगार किती आणि बदलता किती हे वेगळं काढा. बदलता भाग म्हणजे लक्ष्य पूर्ण झालं तर मिळणारा. गेल्या वर्षी लोकांना तो सरासरी किती टक्के मिळाला, हे बेलाशक विचारा. शेअर देणार असतील तर ते कधी नावावर होतात ते विचारा. चार वर्षांत थोडेथोडे आणि पहिल्या वर्षाआधी सोडलं तर काहीच नाही, अशी पद्धत बऱ्याच कंपन्यांत असते.

काही नोकऱ्यांत वेतनश्रेणी कायद्याने किंवा युनियनच्या कराराने ठरलेली असते. तिथे आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आधीच्या अनुभवाची वर्षं धरून श्रेणीतल्या कोणत्या टप्प्यावर बसवणार, एवढंच विचारायचं.

बायका मागत नाहीत म्हणून कमी मिळतं?

असं सर्रास म्हटलं जातं. हना राइली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेइ लाइ यांच्या २००७ मधल्या अभ्यासात वेगळं दिसलं: पगार वाढवून मागणाऱ्या स्त्रीबद्दल मूल्यमापन करणाऱ्यांचं मत पुरुषाच्या तुलनेत जास्त बिघडत होतं. म्हणजे न मागणं हे कित्येकदा भित्रेपण नसून पोळल्याचा अनुभव असतो. अँड्रियास लाइब्रँट आणि जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत सुमारे २,५०० अर्जदारांवर केलेल्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र फार कामाची आहे. पगारावर चर्चा होऊ शकते असं जाहिरातीत कुठेच म्हटलेलं नव्हतं तिथे पुरुष जास्त मागत होते. तसं स्पष्ट लिहिल्यावर हा फरक उरला नाही.

याचा सरळ उपयोग करता येतो, स्त्री असो वा पुरुष. जाहिरातीत लिहिलेलं नसेल तर ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं: "या आकड्यात चर्चेला वाव आहे का?" त्या हो म्हणाल्या की पुढची मागणी आगाऊपणाची राहत नाही, त्यांनीच दार उघडलेलं असतं. नाही म्हणाल्या तर तुम्ही अजून काही मागितलेलंच नसतं.

ऑफर मागे घेतील ही भीती मात्र पुष्कळांना गप्प बसवते. सभ्य शब्दांत, कारण देऊन, एकदा मागितलं म्हणून ऑफर मागे घेतल्याची उदाहरणं क्वचितच दिसतात. ऑफर जाते ती साधारणपणे तीन-तीनदा नवा आकडा काढणाऱ्याची, किंवा एकाशी एक आणि दुसऱ्याशी दुसरं बोलणाऱ्याची. आणि आकडा सांगून झाला की बोलणं थांबवावं. पलीकडे शांतता पसरते, ती सहन होत नाही म्हणून आपणच "म्हणजे ९५ पण चालेल" म्हणून मोकळे होतो. त्या शांततेत मॅडम बहुधा फक्त आकडा लिहून घेत असतात.

सगळं जमलं आणि पत्र आलं की फोनवर ठरलेला प्रत्येक आकडा त्यात आहे का ते बघा: ठरलेला पगार, बदलता भाग, जॉइनिंग बोनस, आणि वर्षाच्या आत सोडलं तर तो बोनस परत करावा लागेल असं कलम. नसलेली गोष्ट मेल करून घालून घ्या. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच सध्याच्या ठिकाणी राजीनामा द्या.